महादेव रानडे यांना दया मिळायला हवी होती का?

मुळाकाठ (रविवार, सकाळी १०.१५)

चापेकर म्हटलं की तीन भावांची नावं आपल्याकडे शाळकरी पोरंही सांगतात. दामोदर, बाळकृष्ण, वासुदेव. त्यांच्याबरोबर फाशी गेलेला चौथा तरुण मात्र बहुतेक ठिकाणी 'आणि सहकारी' एवढ्यावर उरकला जातो. महादेव विनायक रानडे. न्यायमूर्ती रानडे वेगळे. ते त्या वेळी हयात होते, म्हणून नावाचा घोळ होऊ नये एवढ्यासाठी सांगतो.

हा धागा या चौथ्यासाठी आहे.

घटना बहुतेकांना माहीत असतील, तरी एकदा नीट मांडतो. १८९७ च्या सुरुवातीला पुण्यात प्लेग पसरला. वॉल्टर चार्ल्स रँड प्लेग समितीचा अध्यक्ष झाला आणि घरझडतीला गोरे सोजीर आणले गेले. देवघरात बूट, बायकांची चारचौघांत तपासणी, सामानाची होळी, अशा तक्रारी पुणेकर अर्जांवर अर्ज करून सांगत राहिले. कोणी दाद घेतली नाही. २२ जूनला, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदरनं रँडवर आणि बाळकृष्णनं लेफ्टनंट आयर्स्टवर गोळी झाडली. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. सरकारनं २० हजारांचं बक्षीस लावलं. गणेश आणि रामचंद्र द्रविड या भावांच्या माहितीवरून दामोदर पकडला गेला आणि १८ एप्रिल १८९८ ला येरवड्यात फाशी गेला. बाळकृष्ण निजामाच्या मुलखात लपला होता, तोही पुढे हाती लागला.

८ फेब्रुवारी १८९९ ची रात्र. वासुदेव आणि रानडे द्रविडांच्या घरी गेले. चौकीवर साहेबांनी बोलावलंय असा खोटा निरोप देऊन दोघा भावांना बाहेर काढलं आणि गोळ्या घातल्या. दोघेही वाचले नाहीत. रामा पांडू नावाच्या हेड कॉन्स्टेबललाही मारायचे प्रयत्न झाले, ते फसले. मेमध्ये शिक्षा अमलात आल्या. ८ तारखेला वासुदेव, १० ला रानडे, १२ ला बाळकृष्ण. खंडो विष्णू साठे हा त्यांच्यातला कोवळा पोरगा, त्याला दहा वर्षं सक्तमजुरी.

आता माझा मुद्दा. रँडच्या खुनाबद्दल आपण सव्वाशे वर्षं बोलतोय आणि त्यात निदान 'दाद मागायला दुसरी जागा नव्हती' असं म्हणता येतं. चापेकरांनी कायदा हातात घेतला, कारण कायदा ज्यांच्या हातात होता तेच घरात घुसत होते. द्रविडांच्या खुनात हे म्हणता येत नाही. त्यांनी कोणाच्या घराची झडती घेतली नव्हती. तो निव्वळ सूड होता. वासुदेवचा एक भाऊ फासावर गेलेला, दुसरा कोठडीत. त्याचा सूड मला समजतो. रानड्यांचं काय? त्यांच्या घरातलं कोणी गेलं नव्हतं. त्यांनी मित्राचं दुःख आपलं मानलं आणि त्यासाठी दोन माणसं मारली.

यामुळे त्यांचा अपराध वाढतो की कमी होतो, यावर मी बराच विचार केला आहे. माझं मत असं: रानडे खुनी होते, खून ठरवून केला होता, शिक्षा व्हायलाच हवी होती. पण फाशी नको होती. त्यांना दया मिळायला हवी होती आणि ती न देण्यात सरकारनं न्याय केला नाही, हिशेब चुकता केला. साठेच्या बाबतीत त्याच सरकारनं वय पाहिलं आणि मुलगा जगला. म्हणजे डोळे उघडून पाहता येत होतं. रानड्यांपाशी येऊन ते मिटले.

सगळ्यांची मतं वाचायला आवडतील. विशेषतः ज्यांना माझं म्हणणं पटणार नाही त्यांची.

सातघर (रविवार, सकाळी ११.०२)

धागा वाचून वाईट वाटलं. क्रांतिकारकांना दया हवी होती का, हा प्रश्न विचारणंच मला रुचत नाही. दया अपराध्याला दाखवतात. वासुदेव आणि रानडे यांनी पैशासाठी देशबांधवाला फासावर चढवणाऱ्यांना शिक्षा दिली. ती दुसरं कोण देणार होतं? इंग्रज कोर्ट? त्यांनी तर बक्षीस दिलं.

शिवकाळापासून आपल्याकडे फितुरीला क्षमा नाही. द्रविडांनी जे केलं त्यानं एका माणसाचा जीव गेला. तो जीव गेला तेव्हा त्यांच्या हातात पिस्तूल नव्हतं एवढाच फरक.

अनघा_द (रविवार, दुपारी १२.४०)

सातघर, मी चिंचवडची आहे. चापेकर वाड्यावरून रोज शाळेत जायचे, त्यामुळे या माणसांबद्दल मला प्रेम नाही असं समजू नका. तरीही तुमचं म्हणणं मला पटत नाही.

फितुरीचं म्हणाल तर फितूर कोण हे ठरवलं कुणी? बावीस जूनच्या रात्री दोन माणसं मारली गेली होती. त्यातल्या आयर्स्टचा प्लेगच्या झडतीशी रँडसारखा संबंध नव्हता. ज्याला खुन्याचं नाव माहीत आहे त्यानं ते सांगितलं. बक्षिसासाठी सांगितलं, मान्य. गणेश द्रविड त्या वेळी स्वतः तुरुंगात होता, सुटकेची आशाही असेल. हेतू चांगला नव्हता. पण वाईट हेतूनं खरं सांगणाऱ्याला रात्री खोटा निरोप देऊन घराबाहेर काढून मारायचं, हे कोणत्या धर्मात बसतं?

आणखी एक गोष्ट कोणी लक्षात घेत नाही. लष्करी झडती मे १८९७ मध्येच थांबली होती. रँड त्यानंतर महिनाभरानं मारला गेला. म्हणजे पहिला खूनही अत्याचार थांबवण्यासाठी होता असं म्हणणं अवघड आहे. मुळाकाठ, तुम्ही रँडच्या खुनाला आणि द्रविडांच्या खुनाला वेगळ्या रांगेत बसवताय. मला दोन्हीत सूडच दिसतो. फक्त पहिल्यात तो अख्ख्या शहराच्या वतीनं घेतलेला, आणि शहरानं कोणाला तसं सांगितलं नव्हतं.

दयेबद्दल अजून मत बनलेलं नाही. पण त्याआधी द्रविडांच्या घरातल्यांचा विचार कोणीतरी करावा असं वाटतं. एका रात्रीत एका घरातले दोन भाऊ गेले. चापेकरांच्या आईवडिलांबद्दल आपण हळहळतो, हळहळायलाच हवं. त्या दुसऱ्या घराबद्दल मराठीत एक ओळ लिहिलेली मी वाचलेली नाही.

निंबोणी (रविवार, दुपारी १.१०)

अनघा, शेवटच्या परिच्छेदाला +१. वाचतेय.

वकीलवाडी (रविवार, दुपारी ३.२५)

चर्चा चांगली चालली आहे, पण तीन गोष्टी एकमेकींत मिसळत आहेत. दोषी आहे का, शिक्षा किती, आणि शिक्षा झाल्यावर दया द्यायची का. पहिलीबद्दल इथे कोणाचा वाद दिसत नाही. दुसरी आणि तिसरी मात्र १८९९ मध्ये कशा चालायच्या हे पाहिलं तर मुळाकाठ यांच्या प्रश्नाला धार येते.

१८९८ ची फौजदारी प्रक्रिया संहिता त्याच वर्षी १ जुलैला लागू झाली, म्हणजे द्रविडांच्या खुनाआधी सात महिने. तिच्यातलं कलम ३६७(५) असं: ज्या गुन्ह्याला फाशी होऊ शकते त्यात न्यायाधीशानं फाशी सोडून दुसरी शिक्षा दिली, तर तसं का केलं याची कारणं लिहायची. फाशी हा नेहमीचा रस्ता होता, जन्मठेपेसाठी लेखी समर्थन लागायचं. ही अट १९५५ मध्ये गेली. १९७३ च्या संहितेत कलम ३५४(३) नं गाडी उलटी फिरवली, आता फाशी द्यायची तर विशेष कारणं लिहा. तेव्हा रानडे ज्या न्यायालयासमोर उभे होते तिथे फाशी न देण्यासाठी न्यायाधीशाला मुद्दाम वाकडी वाट करावी लागली असती. गोऱ्या अधिकाऱ्याच्या खुनातून फुटलेल्या प्रकरणात ती वाट कोण करणार?

दयेचा अधिकार सरकारकडे होता, त्याच संहितेच्या ४०१ व्या कलमानं. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट होते. १८९५ ते १९०० ते या पदावर होते. प्लेगचा बंदोबस्त, रँडची नेमणूक, नातू बंधूंना चौकशीशिवाय अडकवणं, टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला, हे सगळं त्यांच्याच कारकिर्दीतलं. ज्या सरकारच्या अधिकाऱ्यावर पहिली गोळी झाडली गेली, त्याच सरकारकडे दयेची झोळी पसरायची होती. खून झालेले द्रविड हेही सरकारचेच साक्षीदार. त्यांना सोडलं असतं तर पुढचा साक्षीदार कोण पुढे आला असता, असा सरकारचा विचार असणार आणि तो अगदी चुकीचा होता असं वकील म्हणून मी म्हणणार नाही. साक्षीदाराला मारणं हा न्यायव्यवस्थेवरचाच हल्ला असतो, आजही.

आता आजचे निकष. बच्चनसिंग खटल्यात १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं फाशी घटनाबाह्य नाही असं ठरवलं, पण विरळात विरळ प्रकरणांपुरती मर्यादित केली. त्या खटल्यात ज्येष्ठ वकील डॉ. चितळे यांनी शिक्षा सौम्य करणाऱ्या परिस्थितींची यादी मांडली आणि न्यायालयानं तिला मोठं वजन द्यावं असं म्हटलं. तिच्यात काय आहे पहा. तीव्र मानसिक किंवा भावनिक क्षोभात केलेलं कृत्य. आरोपीचं कोवळं वय. सुधारण्याची शक्यता. आपण जे करतोय ते नैतिकदृष्ट्या योग्य आहे अशी आरोपीची समजूत. दुसऱ्याच्या दबावाखाली किंवा प्रभावाखाली केलेलं कृत्य.

वासुदेवला यातल्या तीन तरी लागू पडतात, आणि तो १८८० चा म्हणजे फाशीच्या वेळी विशीच्या आतलाच. रानड्यांना नैतिक समजूत आणि मित्राचा प्रभाव नक्की लागू पडतात. विरुद्ध बाजूला पूर्वतयारी, दोन बळी, फसवून बाहेर बोलावणं आणि बळी साक्षीदार असणं. आजच्या न्यायालयात मी बचावाला उभा असतो तर जन्मठेप मिळेल अशी मला बऱ्यापैकी खात्री वाटली असती.

पैलतीर (रविवार, सायं. ६.५०)

एक समांतर उदाहरण देतो, बंगालचं. अलीपूर बाँब खटल्यात नरेंद्र गोसाईं माफीचा साक्षीदार झाला. ३१ ऑगस्ट १९०८ ला कन्हाईलाल दत्त आणि सत्येंद्रनाथ बोस या सहआरोपींनी त्याला तुरुंगातच गोळ्या घातल्या. कन्हाईलालनं अपील करायला नकार दिला, १० नोव्हेंबरला फाशी गेला. त्याच्या अंत्ययात्रेला कलकत्त्यात इतकी गर्दी लोटली की सरकारनं सत्येंद्रनाथचा देह घरच्यांना तुरुंगाबाहेर नेऊच दिला नाही. पुढे लाहोर कटातला साक्षीदार फणींद्रनाथ घोष १९३२ मध्ये बेतियाला मारला गेला, त्यासाठी वैकुंठ शुक्ल १९३४ मध्ये गया तुरुंगात फाशी गेले.

हे सांगायचं कारण असं की ज्यांनी दया मागितली नाही, अपीलसुद्धा नाकारलं, त्यांना दया द्यायला हवी होती असं म्हणणं म्हणजे त्यांनी स्वतः घेतलेला निर्णय आपण मागून पुसणं आहे. कन्हाईलालला तुमची दया नको होती. रानड्यांनाही ती हवी होती असं मानायचा आपल्याला काय अधिकार?

मुळाकाठ (रविवार, रात्री ८.३०)

सर्वांचे आभार. एकेकाला उत्तर देतो.

सातघर, तुमचा राग मला कळतो. पण मी रानड्यांना लहान करत नाहीये. तीन भावांच्या ओळीत ज्याला नावही नीट मिळत नाही, त्याच्याकडे माणूस म्हणून पाहायचा प्रयत्न करतोय. शिक्षा देण्याचा अधिकार वासुदेव-रानड्यांना होता असं तुम्ही म्हणता. मग उद्या द्रविडांच्या कुणा नातेवाइकानं रानड्यांना मारलं असतं तर त्याला तो अधिकार नव्हता असं कसं म्हणणार?

अनघा, झडती मेमध्ये थांबली होती हे तुमचं अगदी बरोबर आणि त्यामुळे पहिल्या खुनाचंही समर्थन कठीण होतं. माझ्यासाठी फरक एवढाच उरतो की रँडच्या मागे सत्ता होती आणि द्रविडांच्या मागे फक्त बक्षीस होतं. सत्तेवर उचललेल्या हातात आणि शेजाऱ्यावर उचललेल्या हातात मी फरक करतो. तो पुरेसा नाही असं तुम्हाला वाटत असेल तर त्यावर माझ्याकडे आणखी युक्तिवाद नाही.

पैलतीर, तुमच्या मुद्द्यावर सर्वांत जास्त बोलायचंय. दया मागणाऱ्यालाच द्यायची असते, हे मला मान्य नाही. दया देणाऱ्याचीही कसोटी असते. सप्टेंबर १८९७ मध्ये टिळकांना राजद्रोहासाठी दीड वर्षाची शिक्षा झाली. मॅक्स म्युलरसारख्या विद्वानांनी इंग्लंडमधून त्यांच्यासाठी विनंती केली आणि पुढच्या सप्टेंबरमध्ये, मुदत पुरी होण्याआधी ते सुटले. चांगलंच झालं. टिळकांनी कोणाला मारलं नव्हतं, तुलना गुन्ह्याची नाही. पण सरकार ऐकू शकत होतं, फक्त बोलणारा तेवढ्या वजनाचा असावा लागत होता. त्यानंतर आठ महिन्यांनी येरवड्यात एकाआड एक दिवस तीन तरुण लटकवले गेले. टिळकांसाठी ज्या तोडीची माणसं उभी राहिली, त्या तोडीचं या पोरांच्या मागे कोण होतं? गोखले त्याआधीच, सोजिरांच्या वागणुकीबद्दल इंग्लंडमध्ये केलेल्या विधानांवरून, जाहीर माफी मागून पोळले होते. कोण तोंड उघडणार?

सातघर म्हणतात दया अपराध्याला दाखवतात. हो, अपराध्यालाच. निर्दोष माणसाला न्याय हवा असतो.

सांजवात (सोमवार, सकाळी ७.२०)

धागा रात्री वाचला आणि सौप्तिकपर्व आठवत राहिलं. लोक अश्वत्थाम्यापाशी थांबतात. वडिलांच्या मृत्यूचा सूड म्हणून त्यानं झोपलेल्या छावणीत शिरून धृष्टद्युम्न आणि द्रौपदीचे पाचही पुत्र मारले. त्याचा मणी काढून घेतला, तीन हजार वर्षं भटकत राहशील असा शाप मिळाला. भागवतात द्रौपदीच म्हणते, सोडा याला, मी जशी रडते तशी याची आई रडायला नको.

पण मला सांगायचंय ते त्याच्या दोन साथीदारांबद्दल. त्या रात्री तो एकटा नव्हता. कृपाचार्य आणि कृतवर्मा छावणीच्या दाराशी उभे होते. आतून जीव घेऊन पळणाऱ्यांना त्यांनी कापलं, छावणीला आग लावली. आणि गंमत नाही, मोठं कोडं आहे हे: कृपानं सुरुवातीला अश्वत्थाम्याला थांबवायचा खूप प्रयत्न केला होता. सकाळपर्यंत थांब, वडीलधाऱ्यांना विचार, झोपलेल्यांना मारणं धर्म नाही, असं सगळं सांगितलं. अश्वत्थामा रथ जोडून निघाला तसा कृपही मागून निघाला.

पुढे काय झालं? कृपाला पांडवांनी ठेवून घेतलं. ज्या घराची मुलं मारायला तो दाराशी उभा राहिला, त्याच घराच्या नातवाचा, परीक्षिताचा तो गुरू झाला. कृतवर्मा द्वारकेला परतला आणि छत्तीस वर्षांनी प्रभासला सात्यकीनं त्याला हिणवलं, झोपलेल्यांना मारणारा कसला क्षत्रिय, म्हणून. त्या एका टोमण्यातून तलवारी निघाल्या, कृतवर्मा मेला आणि सगळं यादवकुळ आपापसांत संपलं.

एकाच रात्रीचे दोन साथीदार. एकाचा अपराध दया करून मिटवला, दुसऱ्याचा कोणी नीट हाताळलाच नाही, ना शिक्षा ना क्षमा. मला रानड्यांमध्ये कृप दिसतो. त्यांनी वासुदेवला थांबवायचा प्रयत्न केला होता का, हे अर्थात सांगता येणार नाही. पण सूड ज्याचा स्वतःचा नव्हता आणि तरी जो मागोमाग गेला, त्या माणसाला जगू दिलं तर तो कुणाच्या तरी नातवाला शिकवू शकतो, एवढं महाभारत सांगतं.

निंबोणी (सोमवार, सकाळी ८.०५)

सांजवात, कृपाचार्यांचा विचार असा कधीच केला नव्हता. फार सुंदर प्रतिसाद.

गावठाण (सोमवार, सकाळी ९.४५)

सगळं जुनं चाललंय म्हणून आजच्या काळातलं एक. १३ ऑगस्ट २००४, नागपूर. कस्तुरबानगरच्या बायकांनी अक्कू यादवला जिल्हा न्यायालयाच्या आवारात मारलं. वर्षानुवर्षं बलात्कार, खंडणी, मारहाण, आणि पोलिसांत गेलं की तक्रार करणारीवरच उलटायचं. खटला दहा वर्षं चालला आणि २०१४ मध्ये सगळे आरोपी पुराव्याअभावी सुटले.

मी विदर्भातला आहे. त्या बायकांबद्दल वाईट शब्द मी ऐकून घेणार नाही. पण एक सांगतो. त्या खटल्यातून दया निघाली नाही. पुरावा नाही म्हणून सुटका निघाली. कोर्टाला कधी म्हणावंच लागलं नाही की हो, मारलं, आणि तरी आम्ही तुम्हाला हलकी शिक्षा देतो, कारण सरकारनं तुम्हाला वाऱ्यावर सोडलं होतं. ते कुणीतरी म्हणायला हवं होतं. त्यात त्या बायकांना काय सहन करावं लागलं त्याचीही नोंद झाली असती आणि पोलिसांच्या नाकर्तेपणाचीही.

म्हणून मी मुळाकाठ यांच्या बाजूचा. पण रानड्यांना नुसती दया देऊन भागणार नव्हतं. दया देताना सरकारला लिहावं लागलं असतं की प्लेगच्या झडतीत आमच्या माणसांनी हे हे केलं, त्यातून हे सगळं उगवलं. ते लिहायचं नव्हतं म्हणून फाशी सोपी पडली.

अनघा_द (सोमवार, सकाळी ११.३०)

गावठाण, नागपूरची तुलना मला अर्धीच पटते. तिथे ज्यांनी सोसलं त्यांनीच मारलं आणि सोसायला लावणाऱ्यालाच मारलं. रानड्यांनी सोसलं नव्हतं आणि द्रविडांनी सोसायला लावलं नव्हतं. तुमचं दुसरं वाक्य मात्र मला फार महत्त्वाचं वाटतं. दयेच्या निकालात कारणं लिहावी लागतात. पंडिता रमाबाईंनी मे १८९७ मध्येच मुंबईच्या वर्तमानपत्राला पत्र लिहून, आपल्या आश्रमातल्या मुलीची प्लेगच्या दवाखान्यात काय अवस्था झाली ते सांगितलं होतं. बाई, आणि ख्रिस्ती झालेली बाई, तिचा सरकारद्वेषाशी काही संबंध नाही. तिचंही सरकारला ऐकायचं नव्हतं. दामोदरनं कोठडीत लिहिलेल्या आत्मवृत्तात सुधारकांबद्दल इतका राग आहे की रमाबाईंचं आणि त्याचं पाच मिनिटं पटलं नसतं. आणि तरी झडतीबद्दल दोघं एकच सांगत होते.

काल मत बनलं नव्हतं, आज सांगते. रानड्यांना फाशी नको होती. वासुदेवलाही नको होती. मुळाकाठ यांनी दोघांत फरक केलाय तो मला मान्य नाही. भाऊ गेलेला पोरगा आणि मित्राचा भाऊ गेलेला पोरगा, दोघांनाही जगवायला हवं होतं. काळ्या पाण्यावर पाठवा, वीस वर्षं ठेवा. पण माझी एक अट आहे आणि ती आजच्या लोकांसाठी आहे. त्यांच्या स्मारकावर द्रविड बंधू कोण होते आणि ते कसे मेले हे सरळ लिहिलेलं असावं. 'फितुरांना यमसदनी धाडलं' या भाषेत नको.

सातघर (सोमवार, दुपारी २.१५)

कालपासून सगळे प्रतिसाद दोनदा वाचले.

वकीलवाडी यांचा कायद्याचा भाग पटला. फाशी न देण्यासाठी कारणं लिहावी लागत होती हे मला माहीत नव्हतं आणि त्यामुळे इंग्रजांचा खटला म्हणजे केवळ देखावा होता हे माझं मत आणखी घट्ट झालं. पैलतीर यांचा मुद्दा अजूनही मला सर्वांत जवळचा वाटतो. ज्यानं मागितली नाही त्याला दया देऊन आपण आपलंच समाधान करतो.

अनघाताई, स्मारकावर द्रविडांची नावं लिहायला माझा विरोध आहे. जे घडलं ते पुस्तकात लिहा, अभ्यासक्रमात लिहा, मी वाचेन, माझ्या मुलांना वाचायला देईन. स्मारक ही श्रद्धेची जागा असते.

अनघा_द (सोमवार, दुपारी २.५०)

सातघरदादा, पुस्तकात लिहायला तुमची हरकत नाही एवढ्यावर मी आज थांबते. स्मारकाबद्दल माझं म्हणणं मागे घेत नाही.

वकीलवाडी (सोमवार, सायं. ५.१०)

पैलतीर आणि सातघर या दोघांसाठी एक कायद्याची गोष्ट. आपल्या घटनेत दयेचा अधिकार अनुच्छेद ७२ नुसार राष्ट्रपतींना आणि १६१ नुसार राज्यपालांना आहे. तिथे पश्चात्तापाची अट लिहिलेली नाही. केहरसिंग प्रकरणात १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की राष्ट्रपती दयेच्या अर्जावर पुरावाही नव्यानं पाहू शकतात, न्यायालयापेक्षा वेगळ्या निष्कर्षाला येऊ शकतात. इंदिरा गांधींच्या खुनाच्या कटातला तो आरोपी, त्यानं स्वतः गोळी झाडलेली नव्हती. सुवर्णमंदिरातल्या कारवाईचा सूड म्हणून झालेला खून आणि त्यात साथ दिल्याचा आरोप. दया नाकारली गेली, फाशी झाली. त्यावर कायद्याच्या क्षेत्रात आजही दोन मतं आहेत आणि माझं मत मुळाकाठ यांच्या बाजूचं आहे. साथीदाराच्या शिक्षेत साथ किती आणि कशी होती हे वेगळं मोजलं जायला हवं. रानड्यांच्या बाबतीत मात्र हे मोजमाप करतानाही एक अडचण राहते: ते नुसते साथीला नव्हते, त्यांच्या हातातही पिस्तूल होतं.

मुळाकाठ (सोमवार, रात्री ९.००)

वकीलवाडी, अडचण खरी आहे आणि मी ती टाळणार नाही. हातात पिस्तूल होतं म्हणूनच मी जन्मठेप म्हणतोय, साठेसारखी दहा वर्षं नाही. साठेच्या दहा वर्षांत आणि फाशीत जी मोठी मोकळी जागा होती, तिच्यात रानडे बसले असते आणि अनघा म्हणतात तसा वासुदेवही. वासुदेवबद्दल मी त्यांच्याशी सहमत आहे. धाग्यात रानड्यांचं नाव ठेवलं ते त्यांचं कोणी घेत नाही म्हणून.

पैलतीर, रानड्यांनी दया मागितली असती तर तुमचं मत बदललं असतं का?

पैलतीर (सोमवार, रात्री ९.३५)

हो. मागितली असती तर मी द्या म्हटलं असतं.